जनाभाऊजींचं नूक

पनवेलचा मे महिना, अंगभर घामोळं, आणि आमचे शेजारी जनाभाऊजी जिन्यात थांबवून मला सांगतात, "वैनी, आज नूकला बरफ पडतंय. स्वेटर काढून ठेवा!"

नूक म्हणजे ग्रीनलंडची राजधानी. मला तरी कुठं ठाऊक होतं! जगाच्या पार टोकाला, समुद्रकाठी. भाऊजींचा जन्म गेला उरणकडच्या मिठागरात, उन्हात. जमीन विकून आमच्या बिल्डिंगमध्ये आले, एकटेच. स्टँडवर उरणची गाडी कुठं लागते विचारा, "नाय बा म्हायती." नूकच्या धक्क्यावरून लाल चर्चला कसं जायचं विचारा, तुमचा चहा निवेल पण त्यांचं सांगणं संपायचं नाही. गाव पनवेलएवढंही नाही, आणि तिथून दुसऱ्या गावाला रस्ताच जात नाही. बोटीत बसा नाहीतर विमानात. "मंग टोलनाका कसा असंल? नायच!" हे असं ऐटीत, जणू यांनीच उठवला.

सोसायटीच्या मीटिंगला रंगाचा विषय निघाला. भाऊजी उठलेच. "आमच्या नूकला पयले दवाखान्याला पिवला रंग देत. लांबून वलखाला. आपले बी-विंगला डॉक्टर हाय. पिवला मारा!"

"काका, ते दातांचे डॉक्टर आहेत," सेक्रेटरी म्हणाले.

"मंग अर्धी मारा."

ही सगळी माहिती सायबर कॅफेतून छापून आणायची आणि पोथीसारखी वाचायची. त्यांचा मुलगा दिनेश बोटीवर आचारी होता, तो नूकलाच एका हॉटेलात कामाला राहिला. एकदा मी म्हटलं, "एवढं पाठ केलंत, आता जाऊनच या की."

भाऊजींनी हातातले छापील कागद घडी घालून ठेवले. म्हणाले, "वैनी, दिन्याला फोनवं जेवलास का इचारला, तं हो म्हंतो. बरा हाईस का, तं हो. दोन मिन्टांत फोन बंद. त्याचेशी बोलाचा काय?"

परवा रविवारी आंबोळ्या द्यायला गेले, तर दिनेशचाच फोन आलेला. स्पीकर चालू.

"दिन्या, तुजे तिथं नारलाची झाडं किती रं?"

मी कपाळावर हात मारला. नूकला नारळच काय, सावलीपुरतं झाड नाही, हे यांनी आदल्याच दिवशी मला अर्धा तास समजावलं होतं! मी तोंड उघडलं, तर भाऊजींनी ओठांवर बोट ठेवलं.

तिकडे दिनेश खो खो हसत सुटला. "बाबा, नारल? अवो, हितं झाडच नाय!" आणि मग पोरगा जो बोलायला लागला! वारा, खडक, मासळी, शेजारची म्हातारी.

"काय सांगतंस!" भाऊजी फोन आणखी जवळ ओढत म्हणाले. "मना तं यातला कायच म्हायती नाय. सांग, सांग."