पाळकसाहेबांची धाव

“पंधरा दिवसांत हे पोट आत गेलं नाही, तर नाव बदलेन,” असं पाळकसाहेबांनी न्याहारीच्या टेबलावर छातीठोकपणे जाहीर केलं. पाळकीणबाईंनी ते ऐकून घेतलं आणि त्यांच्या पुढ्यातली लोण्याची बशी उचलून नेली. रक्तातली साखर पाहून डॉक्टरांनी सक्त ताकीदच दिली होती, त्यामुळे सुटका नव्हती.

पण साखरेपेक्षा मोठा घोर त्यांच्या जिवाला दुसराच होता. चर्चच्या मंडळीतल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका, वय ऐंशी, आणि त्यांचा धाकटा भाऊ, पेशाने घड्याळजी, यांचं आईच्या शिलाई मशीनवरून बिनसलं होतं. सहा वर्षं अबोला! उपासनेला बाई उजवीकडच्या बाकावर, तर भाऊ डावीकडच्या. क्षमेवर प्रवचनं करकरून पाळकसाहेबांचा घसा बसला, पण दोघंही ढिम्म. त्यात बाई आठवडाभर तापाने अंथरुणाला खिळलेल्या. हे भांडण असंच राहिलं आणि बाई गेल्या तर? या विचाराने पाळकसाहेबांना घास गोड लागत नव्हता. संपत मात्र होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते धावायला निघाले. परस्पर इस्पितळात प्रार्थनेला जायचं म्हणून गळ्यात पांढरी कॉलर होती, आणि वाटेत वचनं पाठ करावीत म्हणून काखेत बायबल. आता असा पाळक सकाळी सहाला धापा टाकत धावताना दिसला, तर लोकांनी काय समजायचं? कुणीतरी शेवटच्या घटका मोजतंय, दुसरं काय! बेकरीवाल्याने भट्टी तशीच सोडली आणि तो मागे निघाला. त्याच्यामागे दूधवाली, तिच्यामागे अर्धी गल्ली.

पाळकसाहेबांच्या बरगडीत कळ आली ती नेमकी बाईंच्या फाटकापाशी. फाटक धरून, मान खाली घालून ते उभे राहिले. बाई गेल्या का, असं बेकरीवाल्याने हळूच विचारलं. तोंडातून शब्द फुटेना, म्हणून पाळकसाहेबांनी नुसताच हात हलवला. बेकरीवाल्याने टोपी काढली. बातमी वाऱ्यासारखी, पहाटेच कामाला बसणाऱ्या घड्याळजीच्या दुकानात पोचली.

तो आला तो डोळ्याला भिंग तसंच, एका पायात चप्पल. पायरीवर बसून म्हातारा लहान मुलासारखा रडायला लागला. “ताई, मशीन तुझंच होतं गं. मी उगाच हट्टाला पेटलो.”

दार उघडलं. शाल पांघरलेल्या बाई उंबऱ्यात उभ्या होत्या, चांगल्या जिवंत.

“एवढं म्हणायला सहा वर्षं लागली?” त्या म्हणाल्या. “ऊठ. एका चपलेने गावभर फिरतोस, लाज नाही वाटत?” आणि मग त्याच खाली बसल्या, भावाचं डोकं छातीशी धरून हुंदके देऊ लागल्या. दूधवालीने पदर डोळ्यांना लावला. पाळकसाहेबांनाही भरून आलं, शिवाय बरगडी दुखतच होती.

गर्दी पांगल्यावर बेकरीवाला जवळ आला आणि अदबीने म्हणाला, की आपले सासरे दोन वर्षं घरात बोलत नाहीत, तर सोमवारी साहेबांनी त्यांच्या दारावरून धावावं.

पाळकसाहेबांनी बरगडी दाबली. “धावायलाच हवं का? सावकाश चालत आलो तर?”

“चालत नको, साहेब,” बेकरीवाला संकोचून म्हणाला. “चालत आलात की लोकांना वाटतं, जेवायला आलात.”