टाकी गळ्यापर्यंत भरली आणि पिवळा दिवा पेटला, त्याची हकीकत

॥ श्री ॥ जो देव घाटाच्या वळणावळणावर उभा राहोन लेकुरवाळ्यांच्या गाड्या पार करितो, त्यास आधी दंडवत, मग हकीकत. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, एके राज्यी, ज्याचे नाव लिहिण्याचे कारण नाही, ऋजुताबाईसाहेब राज्य करीत असत. राज्य दोन खोल्यांचे, प्रजा म्हणजे आठ महिन्यांची एक लेक ओवी, परंतु चिंता बाराही महाल. बाईसाहेब रसायनशास्त्राच्या पदवीधर, आणि सावध ऐशा की लेकरू शिंकले तरी वेळ टिपोन ठेवीत. मात्र दसऱ्यास गाडीची सर्व्हिसिंग जाहली, ते समयी इस्माईल मिस्त्री हात पुसत बोलिले की, "ताई, पेट्रोल भरताना नळी खट् वाजून बंद झाली की पुरे म्हणायचं. वर थेंब घालू नका." ते बाईसाहेबांनी कानाआड केले, कारण लेकराने मिस्त्रींचा पाना तोंडात घातला होता आणि त्याहून मोठे संकट ते समयी त्रैलोक्यात नव्हते.

पुढे मार्गशीर्ष मासी घाटापलीकडोन खबर आली की, मातोश्री कुमुदिनीबाई यांचा मोतीबिंदू उद्या सकाळी काढणार, आणि दवाखान्याचा हुकूम ऐसा की आज सहाच्या आत घरच्या माणसाने येऊन सही न केल्यास तारीख महिनाभर पुढे जाईल. मातोश्री एकट्या राहात, आणि जिन्याची पायरी पायाने चाचपोन उतरत. मग बाईसाहेबांची स्वारी निघाली. यजमान कौस्तुभराव यांस कचेरीतून सुट्टी नाही, म्हणोन ते पंपापर्यंत पोचवावयास आले. तेथे नळी खट् वाजली आणि पंपावरील गडी म्हणाला, "झाली फुल." तेव्हा राव हसोन बोलिले, "अहो, आत हवा धरलीय. हलवा, अजून बसतं." ही त्यांच्या तीर्थरूपांच्या स्कूटरपासोन घराण्याची रीत. मग पंपावरील दोघे आणि राव ऐसे तिघे गाडीस बगलेने धक्के देऊ लागले, आणि गाडी पाळण्यासारखी डोलू लागली, आणि ओवी आत खदखदा हसू लागली, आणि पेट्रोल थेट गळ्यापर्यंत चढले. "आता माहेर येईपर्यंत बघायला नको," ऐसे बोलोन राव विजयी मुद्रेने कचेरीस गेले.

घाटाच्या पायथ्याशी लंगोट बदलावयास मुक्काम केला, आणि गाडी परत सुरू करिता समोर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा पेटला तो विझेना. बाईसाहेब हवालदिल जाहल्या. पेट्रोलचा वास येतोसा वाटला. टाकीचे झाकण काढिले, परत किटकिट वाजेतो आवळिले. दिवा जागचा हलेना. पुढे घाट, मागे घर, घड्याळात साडेतीन, कडेवर लेकरू. मग मिस्त्रींस फोन लाविला.

"मिस्त्री, इंजिनाचा दिवा लागलाय, आणि गाडीत ओवी आहे! पेट घेईल का हो?"

"आधी श्वास घ्या ताई. दिवा लुकलुकतोय की गप बसलाय?"

"गप."

"गरमीचा काटा? काही आवाज, झटके?"

"काटा मधोमध. आवाज ओवीचाच."

"खाली वाकून बघा, काही गळतंय?"

बाईसाहेब लेकरासकट रस्त्यावर वाकल्या. "कोरडं आहे."

"पेट्रोल कधी भरलं?"

बाईसाहेबांनी ओवीस दुसऱ्या कडेवर घेतले. "तासाभरापूर्वी. खट् वाजल्यावर... तिघांनी हलवून हलवून भरलं."

मिस्त्री ऐसे हसले की फोन कानापासोन दूर धरावा लागला. "गाडी काय तिखटाची बरणी आहे, आपटून आपटून भरायला? अहो, टाकीतली वाफ शोषायला कोळशाची डबी असते. ती भिजली म्हणून दिवा बोंबलतोय. इंजिन ठणठणीत आहे. काचा थोड्या खाली ठेवून सावकाश जा. दिवा लुकलुकला, झटके बसले किंवा गळायला लागलं, तर बाजूला घेऊन गाडी बंद करा. नाहीतर परत आल्यावर मी बघतो. आणि साहेबांना सलाम सांगा, पुढच्या वेळी टांगून भरा म्हणावं!"

बाईसाहेबांस कॉलेजातील प्रयोग आठवला, ज्यात कोळशाने रंगीत पाणी निवळशंख केले होते. कोळसा शोषितो हे त्यांनी स्वतः वहीत लिहिले होते. मनाची खात्री पटली. मग स्वारीने घाट धरिला, आणि दर वळणावर बाईसाहेब दिव्यास पाहात, आणि दिवा बाईसाहेबांस, आणि सहास दहा मिनिटे असता दवाखाना गाठोन सही केली, आणि ओवीने त्याच कागदावर बिस्किटाचे बोट उमटविले. तिसरे दिवशी दिवा आपण होऊन विझला. परंतु त्याआधीच मातोश्रींच्या डोळ्याची पट्टी निघाली होती, आणि त्यांनी नातीस उजेडाकडे धरोन बहुत वेळ पाहिले आणि बोलिल्या, "अगो बाई, हिला तर तुझ्या बाबांची हनुवटी आहे! कुणी सांगितलं नाही मला?" बाईसाहेब रडल्या, मग हसल्या.

सारांश, टाकीस गळा आहे हे राज्यास उमगले आणि मोहीम फत्ते जाहली. मग बाईसाहेबांस घरी परतणे प्राप्त जाहले. मातोश्रींच्या डोळ्यात दिवसातून चार वेळा औषधाचे थेंब घालावयाचे आहेत, आणि मातोश्री फोनवर "घातले गं" म्हणोन मटार सोलीत बसतात. यास्तव बाईसाहेबांची विनंती की, वाचणारांपैकी कोणी त्या गावी दवाखान्यामागे राहात असेल, त्याने दुपारी दोनच्या सुमारास दुसऱ्या मजल्यावर मातोश्रींच्या दारी जाऊन कडी वाजवावी आणि बाटलीतील औषध खरेच उतरले काय, हे डोळ्यांनी पाहावे. लेकीने पाठविले ऐसे म्हणू नये. कढीपत्ता मागावयास आलो म्हणावे.