नळी निळी राहिली

आजार बरा करण्यापेक्षा तो कागदावर बरा दाखवणे सोपे असते, हे तीस वर्षे कचेरीत काढलेल्या माणसाला शिकवावे लागत नाही. रत्नागिरीचे निवृत्त अव्वल कारकून भास्करपंत तर त्यात निष्णात होते.

१९३४ साली त्यांना मधुमेह निघाला. डॉक्टरांनी निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून नळी उकळवली, ती विटेसारखी लाल झाली; साखर नसती तर निळीच राहिली असती.

"पंत, साखर फक्त डब्यात नसते. भात, आंबोळी, आंबा, सगळ्याची रक्तात साखरच होते."

पंतांनी हे विधान विचारार्थ ठेवून घेतले (म्हणजे फेटाळले). हापूस हे फळ, भात हे अन्न, मोदक हा नैवेद्य. साखर या सदरात उरली ती चहातली. ती त्यांनी निम्मी केली आणि चहा दुप्पट.

पत्नी दमयंतीने मात्र घरीच नळी आणली. एक मूद भात, भाजी, कुळथाचे पिठले, की रंग हिरवट. दोन आंबे, की लाल. महिन्याभरात तिला सगळे पाठ झाले.

"आज आंबा खाल्लात ना?"

"नळीच्या साक्षीवर नवऱ्याची चौकशी?" पंत कडाडले. यापुढे तपासणी फक्त डॉक्टरांकडे, असे त्यांनी ठरवले. त्यासाठी ते वाडीतल्या धाकू गड्याची लघवी बाटलीत भरून दरमहा स्वतःच्या नावाने नेऊ लागले. सात महिने नळी निळीच राहिली. डॉक्टर थक्क झाले. वाचनालयाने पंतांचे पथ्यावर व्याख्यान ठेवले (नंतर पेढे).

फक्त चिऱ्यावर ठेच लागून झालेली अंगठ्याची जखम भरेना. ती काळी पडली, तेव्हा दमयंतीने धाकूला गाठून त्या बाटलीचे विचारले.

"पंत बोलले, सरकारी कामाला पायजे," धाकू म्हणाला.

इस्पितळात अंगठा काढावा लागला.

"मग ते सात अहवाल खोटे?" पंतांनी क्षीण आवाजात विचारले.

"छे, अगदी खरे," डॉक्टर म्हणाले. "धाकू ठणठणीत आहे."

आयुष्यात पहिल्यांदाच पंतांना खऱ्या अहवालाची भीती वाटली. त्या दिवसापासून ते दमयंती वाढेल तेवढेच मुकाट्याने जेवू लागले.

कशाने कोणता रंग येतो, याचे टिपण दमयंतीने शेजारणींना दिले. गावभर त्याच्या चाळीस नकला झाल्या. प्रत्येकाने आपली नक्कल जपून ठेवली : कोणी मेहुण्यासाठी, कोणी व्याह्यांसाठी, कोणी वरच्या साहेबांसाठी. आपल्याही मनात एव्हाना एखादे नाव आलेच असेल (स्वतःचे सोडून).