सुभेदार काकाजी गाडी बंद पाडतात

चांगली चालणारी गाडी भर रस्त्यात मुद्दाम बंद पाडून, बॉनेट उघडून, शेजारी सावधानमध्ये उभा राहणारा माणूस मी एकच पाहिला आहे. ते आमचे शेजारी, नायब सुभेदार प्रल्हाद गजभिये. मध्य प्रदेशातल्या आमच्या सौंसरमध्ये सगळे त्यांना सुभेदार साहेब म्हणतात. मी काकाजी म्हणते.

काकाजी अजून फौजेत आहेत. कुठे आहेत ते सांगत नाहीत, आपणही विचारायचं नसतं. एवढंच माहीत आहे की तिथे फोन लागला तर लागतो, नाहीतर आठवडाभर लागत नाही. सुट्टीवर आले की सकाळी अंगण झाडतात, आमचंही झाडतात, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी "कोई शक?" असं विचारतात. "आज वांगे आणून राहिलो, कोई शक?" गल्लीत कोणालाच काही शक नसतो. फक्त त्यांच्या बायकोला, सुनंदाकाकूंना असतो. त्या आतून म्हणतात, "हाय न. मागच्या खेपेचे किडके निघाले होते."

या वेळची त्यांची सगळी सुट्टी गाडीच्या विम्यात गेली. त्याचं कारण असं. पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसरच्या कचेरीतल्या काकूंची बदली पांढुर्ण्याच्या नव्या ऑफिसात झाली. रोज बसने जाणं-येणं, त्यात परतीची बस कधी येते, कधी येत नाही. काकूंनी गुपचूप गाडी शिकायला सुरुवात केली आणि लायसन्सही काढलं. आता ठरलं होतं की सोमवारपासून त्या स्वतः गाडी नेणार. काकाजींची सुट्टी रविवारी संपत होती आणि गाडीचा जुना विमाही त्याच सुमारास संपत होता. म्हणजे काकू एकट्या रस्त्यावर असतील तेव्हा काकाजी कुठल्यातरी डोंगरावर असतील, आणि मधे जी काही कंपनी असेल ती रविवारच्या आत निवडायची होती.

मी इंग्लिश मीडियमच्या शाळेत शिकले. त्यामुळे गल्लीत कोणाच्याही घरी इंग्रजी कागद आला की तो आमच्या घरी येतो. काकाजी मला नावाने हाक मारत नाहीत.

"ए इंग्लिश! बाहेर ये. हे वाच."

मी वाचायचे. ते पाठीमागे हात बांधून ऐकायचे. एका पॉलिसीत लिहिलं होतं की युद्धात किंवा परकीय शत्रूच्या हल्ल्यात गाडीचं नुकसान झालं तर कंपनी जबाबदार नाही. काकाजींनी ते मला दोनदा वाचायला लावलं. त्यांचे कान लाल झाले.

"म्हणजे परकीय शत्रू सौंसरपर्यंत येईन? मग मी तिकडे काय झोपून राहिलो का?"

"काकाजी, हे सगळ्याच पॉलिसीत असतं."

"सगळ्यांचाच भरोसा नाही मंग माह्यावर."

ती कंपनी तिथेच बाद झाली. दुसरीच्या वेबसाइटवर जिल्ह्यांच्या यादीत पांढुर्णा नव्हतं, जुनं छिंदवाडाच होतं. "जिल्हा झाला हे मले बर्फात मालूम झालं, अन् यांले हाफिसात बसून नाही?" तीही बाद.

मग पांढुर्ण्याच्या एका एजंटाला त्यांनी घरी बोलावलं. तो बिचारा फौजी लोकांना मिळणाऱ्या सवलतीबद्दल बोलायला आला होता. काकाजींनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि विचारलं, "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या गावात नदीच्या दोन्ही काठांवरून गोटमार असते. गोटा काचेवर पडला तर थो कोणत्या कलमात येते? दंग्यात का लढाईत?"

एजंटाने बराच विचार केला. "साहेब, थे परंपरेत येते. तिचं कलम नाही."

"मंग?"

"मंग त्या दिवशी गाडी पांढुर्ण्यात आणूच नका न साहेब. मीच माही गाडी सासऱ्याकडे ठेवतो."

काकाजींना तो माणूस आवडला. पण सवलत त्यांनी घेतली नाही. "सूट नको मले. फोन उचलणारा पाहिजे. कोई शक?" एजंट चहाचा कप खाली ठेवून, काही शक नाही म्हणून, निघून गेला.

इथून ते गाडी बंद पाडायला लागले. त्याला ते रेकी म्हणायचे. पद्धत अशी की काकू उद्या ज्या रस्त्याने जातील, किंवा कधी काळी जाऊ शकतील, त्यावर कुठेही थांबायचं, बॉनेट उघडायचं आणि एकेका कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन लावायचा. कोण उचलतं, किती वेळाने उचलतं, कोणत्या भाषेत बोलतं, हे बघायचं. फोन लावायचं काम माझं. मला अनोळखी माणसाशी फोनवर बोलायची इतकी भीती वाटते की मी गॅस सिलिंडरही आईकडून नोंदवून घेते. हे मी काकाजींना सांगितलं. ते म्हणाले, "भेव सगळ्यांलेच वाटते. नंबर लाव."

पहिली रेकी बोरगावला झाली. मी नंबर लावला. 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' असं हिंदीत ऐकू येत राहिलं आणि मग नुसतं संगीत. तेवढ्यात संत्र्यांचा एक पिकअप थांबला. ड्रायव्हर आणि क्लीनर दोघेही उतरले.

"काय झालं साहेब? बॅटरी गेली का?"

"काही नाही झालं."

"मंग बॉनेट काऊन उघडलं?"

"पाहून राहिलो."

"काय पाहून राहिले?"

"कोण येते थे."

"आम्ही आलो न!"

"तुम्ही नाही बे! कंपनी आली पाहिजे!"

ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं. मी फोनकडे पाहिलं. त्याने काकाजींना दोन संत्री दिली, डोक्याला थंडावा राहतो म्हणून, आणि गेला. काकाजी रागावले होते, कारण रेकी फसली होती. रामाकोन्याला तर त्याहून वाईट झालं. तिथे गाडी थांबताच चार माणसं जमली, एकाने न विचारता बॅटरीच्या तारा हलवल्या आणि गाडी खरंच बंद पडली. ती त्याच चौघांनी ढकलून सुरू करून दिली. कंपनीचा फोन अजून वाजतच होता.

पण खरी अडचण वेगळीच निघाली. एके संध्याकाळी मी त्यांना वाचून दाखवलं की पॉलिसीतलं अपघाताचं कव्हर 'मालक-चालक' यासाठी असतं. म्हणजे ज्याच्या नावावर गाडी आहे तोच चालवत असेल तर. काकू चालवत असतील तर त्यांच्या जिवासाठी वेगळा विमा घ्यावा लागेल.

काकाजी उठून उभे राहिले. "मी मालक. पण मी तर गाडीत बसूनच नाही राहिलो! जो घरी नाही त्याच्या जिवाचा विमा, अन् जी रोडवर हाय तिले काहीच नाही?"

"तिलाही मिळतो काकाजी. फक्त वेगळा घ्यावा लागतो."

ते अंगणात फेऱ्या मारत राहिले. आतून काकू ओरडल्या, "अहो, बसा न आता! तुमच्या पायानं अंगण झिजून राहिलं."

शुक्रवारी शेवटची रेकी. काकू सकाळच्या बसने ऑफिसला गेल्या होत्या. आम्ही मोहगावच्या पुढे चढावर थांबलो. नेटवर्क येत-जात होतं. या कंपनीचा फोन दुसऱ्याच रिंगला उचलला गेला. पलीकडची मुलगी माझ्या मागून येणारं काकाजींचं बोलणं ऐकून हिंदीतून चक्क मराठीवर आली. पुण्याची असावी. काकाजी इतके खूश झाले की फोन माझ्या हातातून घेऊन त्यांनी स्पीकरवर लावला.

"बोला सर, गाडी सध्या कोण चालवतं?"

"मीच. बायको चालवून नाही राहिली सध्या."

नेमका 'चालवून' हा शब्द त्या चढावर हरवला असावा.

"सॉरी सर. खूप वाईट वाटलं ऐकून. कधी झालं हे?"

"काय कधी झालं? अजून सुरूच नाही झालं. सोमवारपासून."

"नाही सर, म्हणजे... मिसेस गेल्या ना?"

"हो, गेली न. सकाळच्या बसनं गेली."

"बस? अरे देवा. आज सकाळी? सर, आणि तुम्ही आत्ता विम्यासाठी फोन करताय?"

"मंग कधी करू? रविवारी मीही जाऊन राहिलो!"

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मुलीचा आवाज बदलला. "सर, प्लीज, ऐका माझं. असा विचार मनात आणू नका. तुमच्याजवळ आत्ता कोणी आहे का? त्यांच्याकडे फोन द्या सर."

मी फोन घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा अनोळखी माणसाशी न अडखळता बोलले. "मॅडम, काकू जिवंत आहेत. त्या पांढुर्ण्याला ऑफिसात आहेत. आमच्याकडे 'करून राहिलो' म्हणजे करतोय. काकाजी रविवारी ड्यूटीवर जाणार आहेत."

ती मुलगी हसली की रडली ते कळलं नाही. थोड्या वेळाने परत फोन करते म्हणाली. मलाही हसू आवरत नव्हतं. मी काकाजींकडे वळले.

"काय समजली थे?" त्यांनी विचारलं.

"तिला वाटलं, काकू वारल्या."

मला वाटलं होतं ते शिव्या देतील, किंवा पुण्यावर भाषण देतील. त्यांनी बॉनेट खाली घेतलं, हळूच, आवाज न करता. गाडीत बसले. सौंसरकडे वळायचं होतं, पण त्यांनी गाडी सरळ पांढुर्ण्याकडे घेतली. वाटेत त्यांनी काकूंना फोन लावायला सांगितलं. काकूंनी उचलला नाही. ऑफिसात त्यांचा फोन पर्समध्येच असतो, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. तरी त्यांनी पुन्हा लावायला सांगितला.

ऑफिसच्या फाटकाशी ते उतरले, आत गेले नाहीत. मधल्या सुट्टीत काकू बाहेर आल्या, हातात डबा, आणि आम्हाला बघून थबकल्या.

"काय झालं? या पोट्टीले काऊन आणलं इथी?"

"काही नाही. इकडून जाऊन राहिलो होतो."

"इकडून कोठी?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं. काकू हसून हसून गाडीला टेकल्या. "मारून टाकलं न मले! अन् तेही फुकट!" काकाजी त्यांच्याकडे नुसते बघत होते.

तेवढ्यात त्या पुण्याच्या मुलीचा फोन आला. काकाजींनी काही तपासलं नाही, कोणती सूट, किती रक्कम, काही विचारलं नाही. "हिच्याकडूनच घे," एवढंच म्हणाले. "गाडीचाही अन् काकूचाही." गाडीच्या मागच्या सीटवर बसून, फोन स्पीकरवर ठेवून मी मुलीला माहिती सांगायला लागले. काकू पुढे बसून डबा खात होत्या, काकाजी दाराशी उभे.

"मिसेसच्या पॉलिसीत वारस म्हणून कोणाचं नाव टाकू?" मुलीने विचारलं.

"यांचंच टाक," काकू घास गिळत म्हणाल्या. "गजभिये प्रल्हाद."

"थांब." काकाजींनी दारातून आत हात घालून माझ्या मनगटावर ठेवला. "माह्यं नाव नको."

"मंग कोणाचं टाकू? कलेक्टरचं?" काकूंनी विचारलं.

"कोणाचंही टाक. माह्यं नको. मी नाही घेत असा पैसा."

काकूंनी डब्याचं झाकण लावलं. त्यांचा आवाज चढला नाही. "लग्न झालं तवापासून तुमच्या सगळ्या फौजी कागदांवर वारस म्हणून माह्यं नाव हाय. दर साली तुम्ही सही करून जाता. म्या कधी म्हटलं का नको म्हणून?"

काकाजींचा हात माझ्या मनगटावर तसाच होता.

"तुम्ही पुसलं तरी कधी?" काकू म्हणाल्या आणि बाहेर बघायला लागल्या.

फोनवरची मुलगी वाट बघत होती. तिने सगळं ऐकलं असणार. थोड्या वेळाने काकाजींनी माझं मनगट सोडलं. मी त्यांचं नाव सांगितलं, एकेक अक्षर.

काकूंनी अर्धी रजा टाकली. परतताना काकाजी चावी त्यांच्या हातात देऊन मागे येऊन बसले, मला पुढे पाठवलं. पांढुर्ण्याबाहेर पडताना काकूंचा गिअर अडकला, एक ट्रक जरा जास्तच जवळून गेला, मोहगावच्या वळणावर गाडीने गचका खाल्ला. मी प्रत्येक वेळी मागून काकाजींचा आवाज येईल म्हणून थांबले. आला नाही. एकदा मी आरशात पाहिलं. काकाजी खिडकीबाहेर बघत होते. त्यांचा एक हात काकूंच्या सीटच्या पाठीवर होता, वेणीला लागणार नाही इतका बाजूला. सौंसर येईपर्यंत तो तिथेच होता.