दोघांना झोप लागेल असा भाव

आमच्या माडीवर राहणारा हेमंत गळ्यात घड्याळ घालतो. मनगटात नाही, गळ्यात. शाळेत पळायच्या शर्यतीला मास्तर वापरतात ना, खटका दाबला की धावणारं, तसलं. कामाला बसला की खटका. चहा टाकायला उठला की खटका. शिंक आली तरी खटका.

मी विचारलं, "शिंकेचा कसला हिशेब रे?"

"शिंक माझी हाये अण्णा, गिऱ्हाइकाची नाही. त्याच्याकडून तिचे पैसे कसे घेऊ?"

हा मूळचा नागपूरचा. वय बेचाळीस, एकटाच. इलेक्ट्रॉनिक सिटीतली चांगली नोकरी सोडून जे. पी. नगरात माझ्या घरी भाड्याने आला. खोलीत बसून लोकांच्या वेबसाइटी करतो, दुकानांची चिन्हं काढतो, लग्नाच्या पत्रिका करतो. माझंही आयुष्य अक्षरांतच गेलं. शाळा चौथीत सुटली, पण बंगळुरात चाळीस वर्षं दुकानांचे बोर्ड रंगवले. कानडी, मराठी, इंग्रजी, म्हणाल ते. इंग्रजीचा अर्थ लागत नाही, अक्षर मात्र असं की जाणारा माणूस थांबून बघेल. तेव्हा या पोराला चार गोष्टी सांगायचा हक्क मला आहे, असं मी समजतो. तो समजत नाही.

त्याचं एक वाक्य आहे, दिवसातून चारदा तरी ऐकवतो. "भाव असा पाहिजे अण्णा, की दोघांनाही झोप लागली पाहिजे."

एकदा एक व्यायामशाळावाला आला. म्हणाला, "चिन्ह काढायला एवढे पैसे? पाच मिनिटांचं काम!" हेमंतानं शांतपणे गळ्यातलं घड्याळ काढून त्याच्या गळ्यात घातलं, हातात पेन्सिल दिली. "घ्या बाप्पा, पाच मिनिटं. काढा." तो गडी घाम गाळत बसला. शेवटी जे निघालं ते हातपाय फुटलेलं वांगं होतं. मुकाट्यानं पैसे देऊन गेला.

उलटंही करतो. एका मुलीच्या बापाची पत्रिका ठरल्यापेक्षा दोन तास आधी झाली, तर यानं दोन तासांचे पैसे परत केले. बाप घाबरला. पत्रिकेत काहीतरी खोट असणार म्हणून तीन जणांकडून तपासून घेतली. भाजीवाल्या अक्काला तिनं वर फुकट टाकलेल्या कढीपत्त्याचे पैसे द्यायला गेला, तेव्हा तर ती आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही. संध्याकाळी माझ्याकडे चहाला येतो तेवढा वेळ मात्र त्या घड्याळाला आराम.

मी या भानगडीत कधी पडलो नाही. दुकानदारानं हातावर ठेवले ते मी न मोजता खिशात घातले. भावावरून तोंड वाजवणं मला कमीपणाचं वाटायचं. अजून वाटतं.

यशवंतपूरचा बसण्णा, प्लायवुडचा व्यापारी, माझा जुना दोस्त. त्याचा बोर्ड मीच रंगवलेला, पंचवीस वर्षं झाली, टवका उडालेला नाही. त्याला वेबसाइट हवी होती आणि तिच्यावर बोर्डावरचीच अक्षरं हवी होती. मी छाती ठोकून सांगितलं, "आमचा हेमंत करील. भावाचं माझ्यावर सोड."

हेमंताकडे दोन महिने मोठं काम नव्हतं. हे मिळालं तर वर्ष निभावणार होतं. यशवंतपूरला जाऊन बोर्डाचे फोटो काढून आला, खुशीत होता. चार दिवसांनी बसण्णाचा फोन. आमचं बोलणं कानडीत, इथं मराठीत लिहितो.

"तुझा माणूस फार ताठ आहे. भाव लिहून दिलाय त्या कागदावरची एक ओळ काढ म्हणतो, काढत नाही."

मी तडक माडीवर. "हेमंता, ती ओळ काढ. स्वल्प कमी कर. माझा शब्द गेलाय."

"नाही जमणार अण्णा."

"कसली ओळ आहे ती?"

"हाये एक."

"तुझ्या एका ओळीपायी माझी पंचवीस वर्षांची दोस्ती घालवू?"

तो घड्याळाची दोरी बोटाला गुंडाळत राहिला. "काढली तर झोप नाही लागणार."

"मग जागा बस!" म्हणालो आणि खाली आलो.

काम गेलं. आठ दिवस मी बोललो नाही. जिन्यात "अण्णा, चहा?" म्हणाला, तर मी शेवग्याच्या झाडाकडे बघत राहिलो.

शेवटी बसण्णाची माफी मागायला यशवंतपूरला गेलो. त्यानं कॉफी मागवली आणि तोच कागद पुढे टाकला. सगळं इंग्रजी. मी सवयीनं नुसती अक्षरांची वळणं बघत होतो. एका ओळीवर लाल रेघ मारलेली. तिच्याखालची अक्षरं ओळखीची निघाली. प्रत्येक बोर्डाच्या कोपऱ्यात मी तीच बारीक काढायचो. मानाजी. माझंच नाव.

"तुझ्या अक्षरांचे वेगळे पैसे मागत होता," बसण्णा म्हणाला. "मी म्हटलं, बोर्डाचे तेव्हाच दिलेत. तर म्हणे, ते बोर्डाचे. आता अक्षरं नव्या जागी जाणार, त्याचे वेगळे. स्वतःचा आकडा दोनदा खाली आणला त्यानं, बघ हे खोडलेलं. तुझ्या आकड्यातला रुपया सोडेना. वर म्हणतो, अण्णांना सांगू नका, ते फुकट देऊन टाकतील."

दिली असती. कॉफी तशीच ठेवून मी उठलो. कागद घडी करून खिशात घातला. बसण्णा हाका मारत राहिला.

हेमंत कामात होता. मी दारातच उभा राहिलो. "माझा भाव ठरवणारा तू कोण रे?"

त्यानं खटका दाबून घड्याळ थांबवलं.

मी कागद टेबलावर ठेवला. "आणि ठरवलास तो कमी ठरवलास. चार दिवस लागले होते त्या अक्षरांना."

त्यानं खुर्ची माझ्याकडे सरकवली, पेन्सिल घेतली. "सांगा. पहिल्या दिवशी किती तास?"

हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. मी बसलो. "पहिला दिवस सोड. ब्रश उचललाच नाही. शिडीवर उभा राहून नुसता पाटीकडे बघत होतो."

"सोडायचा कशाला? बघितल्याचेही धरायचे."

"बघितल्याचे पैसे?"

"तेच तर आधी धरायचे, अण्णा," तो म्हणाला आणि लिहायला लागला.