मटनबर्डची शेवटची परीक्षा

शुक्रवारी अकरा वाजता आयव्हर टॅटनेल यांचा अंत्यविधी होता आणि मंगळवारी दुपारी त्यांची मुलगी रोवेना त्यांच्या संगणकासमोर बसून एका लुकलुकणाऱ्या रेघेकडे बघत होती. पासवर्ड सापडला होता. तो कीबोर्डच्या पोटाला चिकटपट्टीने चिकटवलेला होता. तो टाकल्यावर पडदा काळा झाला, कोपऱ्यात वडिलांचं नाव उमटलं, आणि त्यापुढे ही रेघ. चित्र नाही, बटण नाही, काही नाही.

"अगं, माऊस हलवून बघ," ग्लेनिस आत्या म्हणाली.

"हलवला."

"जोरात हलव."

गुरुवारी दुपारी बारापर्यंत अंत्यविधीवाल्या बाईंना वीस फोटो हवे होते, पडद्यावर दाखवायला. फोटो भरपूर होते, पण सगळे याच डब्यात. गेल्या हिवाळ्यात आयव्हरनी घरातला प्रत्येक फोटो एकेक करून संगणकात घातला आणि कागदी फोटो, अल्बमसकट, कचरा-डेपोवर नेऊन टाकले. बर्नी गावच्या दमट हवेत कागदाला बुरशी लागते, डिस्कला लागत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यात रोवेनाच्या आईचे फोटोही गेले. आई जाऊन अकरा वर्षं झाली होती, आणि आता तिचा चेहरा या रेघेच्या पलीकडे कुठेतरी होता.

बुधवारी सकाळी रोवेनाने तो डबा उचलून बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने पडदा पाहिला आणि दोन पावलं मागे सरकला.

"हे आपलं नेहमीचं नाही बाई. लिनक्स आहे हे. मी याला हात लावत नाही. म्हणत असाल तर सगळं पुसून नवीन घालून देतो, अर्ध्या तासात."

"पुसून?"

"एकदम स्वच्छ."

रोवेना डबा घेऊन घरी आली. वडिलांचा जुना लॅपटॉप तेवढा चालू होता, आणि त्यावर एकच पान उघडं होतं, 'दक्षिण मदतकट्टा'. लिनक्स वापरणाऱ्यांचं काही अडलं की ते तिथे प्रश्न विचारत आणि बाकीचे फुकट सोडवून देत. आयव्हर तिथे मटनबर्ड या नावाने बसत, समोरच्या बेटांवर घरटी करणाऱ्या समुद्रपक्ष्याच्या नावाने. कागद गिरणीतून निवृत्त झाल्यापासून त्यांनी तिथे चौदा हजार उत्तरं दिली होती. घरी त्यांना काही विचारलं तर ते "हं" म्हणत.

वेगळं खातं काढायला वेळ नव्हता. रोवेनाने वडिलांच्याच नावाने लिहिलं, "मी मटनबर्ड यांची मुलगी. वडील रविवारी वारले. त्यांच्या संगणकावर काळा पडदा आहे आणि एक रेघ लुकलुकते आहे. आतले फोटो उद्या दुपारी बारापर्यंत हवेत. काय करू?"

चार मिनिटांत होबार्टहून क्वोल नावाच्या गृहस्थाचं उत्तर आलं. "वा मास्तर! यंदा थेट मेलातच! चला मंडळी, हजेरी लावा, परीक्षा सुरू झाली."

रोवेनाला काही कळेना. थोडं मागचं चाळल्यावर कळलं. दर मे महिन्यात मटनबर्ड कट्ट्यावर अडाण्याचं सोंग घेऊन येत. एका वर्षी ते स्मिथटनचे बेकरीवाले होते, एका वर्षी मठातली जोगीण. गेल्या वर्षी ते मेंढ्या कातरताना हात मोडलेले गृहस्थ होते आणि त्यांनी पुराव्याला एक्स-रेसुद्धा लावला होता. नवख्याशी कोण किती सबुरीने बोलतो हे ते बघत आणि शेवटी गुण जाहीर करत. पहिल्या दमात उत्तर सांगून टाकणाऱ्याला शून्य. आधी विचारायचं, ऐकून घ्यायचं, धीर द्यायचा, मग हळूहळू माणसाला उत्तरापाशी न्यायचं. हा महिना मे होता.

"ताई, ऐकून फार वाईट वाटलं," टिमारूहून तुई नावाच्या बाईंनी लिहिलं. "जेवलात का काही? बरं, आता सावकाश सांगा. पडदा काळा म्हणजे नक्की कसा काळा?"

"काळा म्हणजे काळा. मी खरंच त्यांची मुलगी आहे."

"ते तर तुम्ही म्हणणारच!" क्वोल म्हणाला. "पण मास्तर, ही मुलगी मात्र नवीन काढलीत हं. पंधरा वर्षांत कधी बोलला नाहीत."

रोवेनाने ती ओळ दोनदा वाचली. मग ती उठली, वर्तमानपत्रातल्या मृत्यूच्या जाहिरातीचा फोटो काढला आणि तो कट्ट्यावर लावला. पाच मिनिटांत व्यवस्थापकाने तो काढून टाकला. गेल्या वर्षीच्या एक्स-रेनंतर नियम झाला होता, चित्र लावू नये, मजकूर लिहून चिकटवावा. रोवेनाने वडिलांच्या मृत्यूची जाहिरात अक्षर न अक्षर टाइप केली.

"झकास जमलंय," क्वोलचं उत्तर आलं. "फक्त 'प्रेमळ पिता' जरा जास्त झालं. तिथे खोटं वाटतं."

"ते मी घातलं होतं," ग्लेनिस आत्या मागून वाचत म्हणाली. "काय वाईट आहे त्यात?"

"काही नाही, आत्या."

"मेली माणसं कोण आहेत ही?"

"बाबांची माणसं."

संध्याकाळपर्यंत एकतीस जणांनी हजेरी लावली. सगळे अतोनात गोड बोलत होते. कोणी चहा घ्यायला सांगितलं, कोणी खिडकी उघडायला. रेघ डावीकडे आहे की उजवीकडे, हे चौघांनी विचारलं. उत्तर त्या एकतीस जणांना पाठ होतं, हे रोवेनाला स्पष्ट दिसत होतं, आणि शून्य मिळेल म्हणून एकही जण ते सांगत नव्हता.

गुरुवारी सकाळी दहाला अंत्यविधीवाल्या बाईंचा फोन आला. "फोटो नसतील तर आम्ही सूर्यास्त लावतो. आमच्याकडे छान सूर्यास्त आहेत." रोवेनाने फोन ठेवला आणि लॅपटॉप ओढला.

"तुमच्या मास्तरांबद्दल एक सांगते," तिने लिहिलं. "माझी आई हॉस्पिटलात होती. नऊ ऑगस्टची संध्याकाळ. मी घरी फोन केला, लगेच या म्हणून. ते म्हणाले, 'आलोच पाच मिनिटांत.' ते आले तेव्हा ती गेलेली होती. उशीर का झाला विचारलं तर म्हणाले, एका बाईंचं अडलं होतं. आता माझं अडलं आहे. गुण द्यायला कोणी शिल्लक नाही. सांगा."



"मास्तर असं लिहिणार नाहीत," बारा मिनिटांनी क्वोलने लिहिलं.

"अरे देवा," तुई म्हणाली.

आणि मग लोंढा आला. केर्न्सहून, सुवाहून, वांगानुईहून. मटनबर्डनी माझा आवाज परत आणला. मटनबर्डनी माझा प्रिंटर रांगेला लावला. तीन रात्री जागले माझ्यासाठी, एकदाही चिडले नाहीत. असा धीराचा माणूस होणे नाही. साडेअकरापर्यंत त्र्याहत्तर जण रडून गेले होते. उत्तर कोणीच दिलं नव्हतं, कारण आता अशा प्रसंगी तांत्रिक काही लिहिणं बरं दिसलं नसतं.

अकरा चाळीसला व्यवस्थापकाची सूचना आली. हे पान आता श्रद्धांजलीचं झाल्यामुळे रोवेनाचा मूळ प्रश्न विषयाला सोडून ठरला होता. तो उचलून वेगळा काढला होता, आणि वेगळा काढल्यावर लगेच बंदही केला होता. "हा प्रश्न पूर्वी विचारला गेला आहे. कृपया विचारण्याआधी शोधावे." खाली जुन्या पानाचा दुवा होता.

रोवेनाने तो दाबला. माउंट आयझाच्या कोणा बाईंनी विचारलं होतं, पडदा काळा झालाय, रेघ लुकलुकते आहे, आत नातवाचे फोटो आहेत, माझा जीव जातोय. खाली मटनबर्डचं उत्तर होतं.

"घाबरू नका. काहीही गेलेलं नाही, सगळं जागच्या जागी आहे. यंत्र फक्त तुम्ही सांगायची वाट बघतंय. 'स्टार्टएक्स' हा शब्द लिहा, मध्ये जागा सोडू नका, आणि एंटर दाबा. उघडलं की मला कळवा. मी इथेच आहे."

उत्तरावर तारीख होती. अकरा वर्षांपूर्वीची नऊ ऑगस्ट, संध्याकाळचे सहा पन्नास.

"काय झालं गं?" आत्याने विचारलं.

"सापडलं."

रोवेनाने तो शब्द लिहिला. एंटर दाबताच पडदा उजळला. फोटो वर्षावार लावलेले होते, एकही इकडचा तिकडे नाही. आई समुद्रकिनाऱ्यावर डोळे बारीक करून हसत होती. दुनियेला सगळ्याच्या तीन प्रती ठेवा म्हणून बजावणाऱ्या माणसाने तिची एकच प्रत ठेवली होती. अकरा सत्तावन्नला वीस फोटो अंत्यविधीवाल्या बाईंना पोचले. त्यातल्या एकोणिसांत आई होती. आयव्हर एकात होते, तेही पाठमोरे.

शुक्रवारी चॅपेलच्या शेवटच्या रांगेत लोकरी टोपी हातात घेतलेला एक म्हातारा बसला होता. सगळं आटोपल्यावर तो रोवेनापाशी आला.

"मी क्वोल. होबार्टहून चार तास गाडी चालवत आलो." तो घुटमळला. "म्हणजे... खरंच गेले तर."

"अजून शंका होती?"

"शवपेटी दिसेपर्यंत होती," तो खाली बघत म्हणाला. "एक्स-रे फार हुबेहूब होता हो."

शनिवारी रोवेना वडिलांचं खातं बंद करायला बसली. पण कट्ट्याचा नियम होता, प्रश्न विचारणाऱ्याने सर्वांत उपयोगी उत्तर निवडल्याशिवाय खातं बंद होत नाही. तिने मटनबर्डचं नऊ ऑगस्टचं उत्तर निवडलं. "अभिनंदन मटनबर्ड," पडद्यावर आलं, "तुम्हाला एक गुण मिळाला आहे."

ती खातं बंद करणार इतक्यात वर एक नवा प्रश्न आला. डनीडनची कोणी पोरगी होती. पडदा काळा झालाय, रेघ लुकलुकतेय, सोमवारी प्रबंध द्यायचाय. खाली क्वोल हजर होताच. "धीर धरा. आधी सांगा, पडदा नक्की कसा काळा आहे?"

रोवेनाने तो एक शब्द लिहिला, खाली 'एंटर दाब' लिहिलं, आणि पाठवून दिला.

"हे बरोबर नाही," क्वोलने लगेच हटकलं. "इथे पहिल्या दमात उत्तर देत नाहीत. शून्य गुण."

"मिळू देत," रोवेनाने लिहिलं. "तिला कोणाकडे तरी जायचं असेल."