गहू सोडा, पोट जोडा!

गव्हाने पोट बिघडतं म्हणून डॉक्टरांनी गहू बंद करून अवघे बारा दिवस झाले होते, पण कसबा पेठेतले निवृत्त गणिताचे मास्तर श्यामसुंदरराव तेवढ्यात तज्ज्ञ झाले! दुकानात भिंग काढून प्रत्येक पुडा वाचायचे. ज्येष्ठ नागरिक संघात त्यांनी स्वतःहून व्याख्यान लावून घेतलं, ‘गहू सोडा, पोट जोडा!’

अध्यक्ष तात्याराव म्हणाले, “आधी आपण टिका. मग आम्ही सोडू.”

झालं! आता प्रश्न इभ्रतीचा होता.

व्याख्यानाच्या दिवशी दुपारी ज्वारीची भाकरी आणि आमटी झाली. तासाभरात पोटात गुडगुड सुरू!

“अहो, गॅस असेल,” पत्नी आनंदीबाई म्हणाल्या. “ताकात हिंग घालून देते.”

प्यायले. गुडगुड वाढली.

“हिंग कमी पडला बघा!”

दुसरा पेला दुप्पट हिंगाचा. उरलेलं ताक बाटलीत भरून, नात ऋचाचा हात धरून स्वारी निघाली.

“मित्रहो, शरीर आपल्याशी बोलत असतं,” श्यामसुंदररावांनी सुरुवात केली. आणि शरीर बोललं! माईकवरून, पार शेवटच्या रांगेपर्यंत!

“त्यांना जरा थांबायला सांगा,” तात्याराव म्हणाले. “एका वेळी एकच वक्ता.”

श्यामसुंदररावांनी बाटली घटाघटा रिकामी केली आणि दोनच मिनिटांत व्यासपीठावरून जी धूम ठोकली, ती थेट संडासात!

ऋचाने आजीला फोन लावला. “आजी, आज नवीन काय घातलंस जेवणात?”

“काही नाही गं. हिंगाची डबी तेवढी नवी फोडली. यांनीच आणलेली.”

“डबीवर काय लिहिलंय, वाच.”

“थांब... डिंक... गव्हाचं पीठ... अगं बाई! आणि मी पेल्यावर पेले पाजत बसले!”

दहा मिनिटांनी मास्तर घामाघूम होऊन परतले. ऋचा कानात कुजबुजली. सगळं डॉक्टरांवर ढकलता आलं असतं, पण चाळीस वर्षं पोरांच्या चुकांवर लाल रेघ मारलेला माणूस! माईक धरला आणि म्हणाले, “मंडळी, हिंगात गव्हाचं पीठ होतं. दुकानातलं सगळं वाचलं, तेवढी डबी राहिली. हिंगाची डबी कोण वाचतं हो?”

सभागृह खो खो हसलं. मग मास्तरही हसले. टाळ्या काही थांबेनात.

तात्याराव आभाराला उठले. “प्रात्यक्षिकासह व्याख्यान संघात प्रथमच झालं. पुढच्या महिन्यात विषय मूळव्याध आहे. वक्ते आपणच!”